टाकीत फक्त स्वच्छ पाणी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या खात्याने मला शाल आणि नारळ द्यायला बोलावलं. निमित्त होतं एका कार्यशाळेचं. विषय ‘चौकटीबाहेरचा विचार’. दारात हजेरीपत्रकावर सही, चहाच्या कुपनासाठी दुसरी सही, आणि बसायच्या जागा हुद्द्याप्रमाणे आखून दिलेल्या. मागच्या रांगेतला एक फायरमन पुढच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसला तर त्याला उठवण्यात आलं. चौकट इतकी भक्कम असल्याशिवाय तिच्या बाहेर विचार करण्यात काही मजा नसावी, असं मी स्वतःला समजावलं.

व्याख्याता पुण्याहून आलेला, तरणाबांड, गळ्यात बिल्ला. त्याने सुरुवातीलाच विचारलं, तुमच्यापैकी कोणी नोकरीत कधी नियम मोडलाय का? सगळ्या माना एकदम पहिल्या रांगेकडे वळल्या. तिथे आमचे मुख्य अधिकारी बसलेले. ते हसले, मग सगळे हसले, हात मात्र एकही वर झाला नाही. मी केला. मला आता कोणी निलंबित करू शकत नाही, हा निवृत्तीचा एकमेव फायदा मला आजवर सापडला आहे. व्याख्याता खूश होऊन म्हणाला, सांगा काका. तेवढ्यात साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि सत्कार आधी उरकून घेऊ असं सुचवलं. सत्कार उरकला, माझी गोष्ट राहिली. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन नेमका त्याच आठवड्यात आला, म्हणून ती इथे सांगतो.

मी आयुष्यभर आग विझवली. आधी अमरावतीला साधा फायरमन, मग परीक्षा देत देत अकोल्याकडे, आणि शेवटी अग्निशमन ठाण्याचा प्रमुख. पुढची हकिगत कोणत्या शहरातली ते मुद्दाम सांगत नाही. दोन्हीकडच्या लोकांनी ती दुसरीकडची समजावी, म्हणजे कोणाचं मन दुखणार नाही.

आमचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं शौर्याचं नसतं. बंबाच्या पाठीवर पाण्याची टाकी असते, पोटात पंप असतो, आणि पंपाला जोडलेला पाईप ज्याच्या हातात असतो तो फायरमन. टाकीतलं पाणी पूर्ण जोराने सोडलं तर गर्दीतल्या माणसाच्या शिव्या संपायच्या आत ते संपतं. म्हणून पाणी नेमकं कुठे मारायचं, हेच आमचं सगळं शिक्षण. ज्वाळेवर मारायचं नाही, जळणाऱ्या वस्तूच्या बुडाशी मारायचं. हे आम्ही प्रशिक्षणाच्या काही महिन्यांत शिकतो. उरलेली नोकरी परवानग्या शिकण्यात जाते.

एकदा चांदूर रेल्वे गावाच्या बाजूच्या खेड्यातून फोन आला. कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या कोरड्या चाऱ्याच्या गंजीला आग लागली होती आणि बाजूला गोठा होता. बंब तयार, चालक जागेवर, इंजिन सुरू. पण हद्दीबाहेर जायचं तर लेखी परवानगी हवी, आणि परवानगी देणारे बैठकीत. बैठकीचा विषय आपत्ती व्यवस्थापन होता, हे मी मनचं सांगत नाही. परवानगी मिळाली तेव्हा आम्ही सुसाट निघालो, घंटा वाजवत, लोकांना बाजूला सारत. पोचलो तर गावकऱ्यांनी जनावरं केव्हाच सोडलेली, गंजीची राख झालेली, आणि घरमालक म्हातारा बाजेवर बसलेला. त्याने आमच्यासाठी चहा ठेवायला सांगितला. म्हणाला, "या साहेब, बसा. राख अजून गरम हाय, हात शेकून घ्या." आमच्या एका जवानाने तरीही नियमाप्रमाणे पाईप उलगडायला घेतला, कारण पोचल्याबरोबर पाईप उलगडायचा असं लिहिलेलं आहे. म्हाताऱ्याने आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी चहा न पिता उठलो.

हे सगळं ज्यांच्या राज्यात चालायचं त्या मुख्य अधिकाऱ्यांना आम्ही ठाण्यावर परिपत्रकसाहेब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, म्हणजे लाच खात नव्हता, दारू पीत नव्हता आणि आगीच्या जवळही जात नव्हता. कोणताही प्रश्न विचारला की ते परिपत्रक काढायचे. बंबाच्या पितळी जोडण्या चकचकीत असाव्यात, हे त्यांचं आवडतं परिपत्रक. शुक्रवारच्या तपासणीत ते जोडणीत स्वतःचा चेहरा पाहायचे. जोडणीच्या आतली रबराची चकती कुजलेली आहे का, हे पाहायचं परिपत्रकात नव्हतं. त्यामुळे आमच्या जोडण्या आरशासारख्या लखलखायच्या आणि पाणी सोडलं की चारी बाजूंनी गळायच्या.

अशा ठाण्यावर प्रज्ञा इंगळे आली. हिवरखेडची पोरगी, अकरा महिन्यांच्या करारावर. हुद्दा फायरमन, कारण आमच्या खात्याकडे दुसरा शब्द नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिने चकचकीत जोडणी हातात घेतली, आत बोट घातलं, कुजलेला रबर बाहेर काढला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. "साहेब, बाहेरून घासून राहिलो, आतून काहून नाही पाहत?" त्या ठाण्यावर ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा शब्द कोणी उच्चारल्याला कित्येक वर्षं झाली असावीत. मला ऐकून बरं वाटलं आणि धास्तीही वाटली.

प्रज्ञा गोड स्वभावाची होती असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती भांडायची. चहा गार झाला म्हणून कँटीनवाल्याशी, शिडी चुकीच्या हुकावर टांगली म्हणून जवानांशी, आणि कारण मिळालं नाही तर रेडिओशी. पुष्कळदा ती चुकायचीही. एकदा पाईप लवकर सुटावा म्हणून तिने तो गुंडाळण्याची स्वतःची पद्धत काढली, आणि भर बाजारात त्या पाईपाची अशी गाठ बसली की ती सोडवताना भाजीवाल्या बायांनी आम्हाला मदत केली. महिला कर्मचाऱ्यांनी कंट्रोल रूममध्ये फोनवर बसावं असं एक परिपत्रक होतं. तिने ते वाचलं, फोन कानाला लावण्यापुरता पाळलं, आणि घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी बंबावर. मी रागावलो तर म्हणायची, मले फोन उचलायची परीक्षा घेऊन नाही घेतलं, शिडी चढायची घेऊन घेतलं. मी परिपत्रक पुन्हा वाचून पाहिलं, त्यात शिडीबद्दल काही नव्हतं.

तिला ही नोकरी कशासाठी हवी आहे ते तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. आई जिनिंगमध्ये कामाला. कापूस वेचून आणल्यावर त्यातली सरकी काढून रुई वेगळी करतात तो कारखाना म्हणजे जिनिंग. तिथल्या हवेत रुईचे तंतू उडत असतात आणि वर्षानुवर्षं ते छातीत जातात. आईचा खोकला आता उन्हाळ्यातही थांबत नव्हता. कायम झाले की आईले त्या धुळीतून काढते, बस, असं ती म्हणायची. त्या वर्षी कायम करण्याच्या प्रस्तावात तिचं नाव होतं. मीच पाठवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये आग लागली.

कापसाची आग पाहिली नसेल त्याला थोडं सांगावं लागेल. आवारात कच्च्या कापसाचे ढीग असतात, दोन मजली घराएवढे. ठिणगी पडली की ज्वाळा ढिगाच्या अंगावरून झरकन पळते, डोळ्यांदेखत, आणि विझल्यासारखी होते. नवखा माणूस सुटकेचा श्वास टाकतो. खरी आग तेव्हा आत शिरलेली असते आणि तिथे ती दोन-दोन दिवस धुमसते. वरून पाणी मारावं तर ते कापसाच्या अंगावरून ओघळून खाली येतं. कच्च्या कापसाला निसर्गानेच मेणाचा हात दिलेला असतो, पाणी आत जातच नाही. आम्ही टाकीमागून टाकी रिकामी करतो, आवारात तळं होतं आणि ढीग आतून धुमसत राहतो. मग मजूर लावून, यंत्र लावून तो उपसायचा. उपसला की हवा लागते, हवा लागली की तो पेटतो. ही आमच्या भागातली दरवर्षीची करमणूक आहे.

त्या दिवशी वारा होता आणि ढिगाच्या पलीकडे मजुरांच्या टिनाच्या खोल्या होत्या. मेळघाटातली कुटुंबं, हंगामाला आलेली. आम्ही बाया-पोरांना बाहेर काढलं. दोन टाक्या मारून झाल्या. पाणी नेहमीप्रमाणे खाली ओघळत होतं. मी मालकाशी यंत्र बोलावण्याबद्दल बोलत होतो, तेवढ्यात आमचे चालक रफीकभाई धावत आले. रफीकभाई अकोल्याच्या जुन्या शहरातले, पंप चालवण्यात सगळं आयुष्य गेलेलं, सहसा न धावणारे. म्हणाले, "साब, गाडी दुधासारखी उतू जाऊन राहिली."

जाऊन पाहतो तर खरंच. टाकीच्या झाकणातून पांढराशुभ्र फेस बाहेर येऊन बंबाच्या पाठीवरून खाली उतरत होता. टाकीच्या बाजूला लाल अक्षरांत ‘टाकीत फक्त स्वच्छ पाणी’ असं रंगवलेलं होतं आणि फेस नेमका त्या अक्षरांवरून वाहत होता. वर प्रज्ञा उभी, हातात कपडे धुण्याच्या पावडरीचं पोतं. फाटकासमोरच्या किराणा दुकानातून तिने ते उचलून आणलं होतं. मजूर पोट धरून हसत होते. मी खालून ओरडलो की हा काय प्रकार आहे.

तिने वरूनच सांगितलं. आई कामावरून आली की डोक्यावरच्या फडक्याला रुई चिकटलेली असायची. फडकं बादलीत टाकलं की रुई पाण्यावर तरंगायची, कितीही दाबा, वर यायची. साबण टाकला की चुपचाप बुडायची. "लहानपणापासून पाहून राहिली, साहेब. पाणी आत जात नसन तर पाण्याले आत जाले शिकवा लागते." मी विचार करायच्या आत तिने खाली उडी मारली आणि पाईप खांद्यावर घेऊन ढिगाकडे निघून गेली.

पंपाने आधी हवा धरली, कारण पोरीने पावडर हातचं न राखता ओतली होती. पाईपातून पाण्याऐवजी फेसाचे गोळे उडाले. हसणं आणखी वाढलं. मग पंप सावरला आणि साबणाचं पाणी ढिगावर पडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ते पाहिलं. पाणी ओघळलं नाही. ते आत गेलं. जिथे पडेल तिथला कापूस काळवंडून खाली बसत होता, आतून वाफेचा फुत्कार येत होता. टाकी संपायच्या आत ढिगाची एक बाजू थंड झाली.

प्रज्ञा ढिगापाशी होती. मी रफीकभाईंना म्हणालो, पुढच्या टाकीतही टाका, पण पावडर निम्मी टाका, आणि आधी पिंपात कालवून घ्या. रफीकभाईंनी लाल अक्षरांकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, दिसतंय मला, टाका. त्यांनी टाकली. पंप या वेळी अजिबात खोकला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ढीग विझला, खोल्या वाचल्या, आणि मेळघाटातल्या बाया आपापली भांडी घेऊन आत गेल्या. कापसाची आग त्याच दिवशी विझली असं माझ्या नोकरीत आधी कधी झालं नव्हतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितलीच नसती. आग विझत आली आणि परिपत्रकसाहेब आले. मागे फोटोवाला होता. साहेबांना ढिगासमोर उभं राहून हाताने दिशा दाखवतानाचा फोटो हवा होता. ढिगाचा वरचा भाग आतून पोकळ झाला होता, केव्हाही कोसळेल असा. आम्ही दोरी बांधलेली. हेल्मेटशिवाय दोरीच्या आत कोणी यायचं नाही, हा नियम आमच्या पुस्तकात पहिल्या पानावर आहे. साहेब दोरी उचलून आत येऊ लागले तशी प्रज्ञा आडवी आली.

"साहेब, हेल्मेट घाला अन् मंग या."

साहेब म्हणाले, मी कोण आहे माहीत आहे ना?

"माहीत हाय. म्हून तर सांगून राहिली. ढीग पडला तं तो हुद्दा पाहून नाही पडत."

मजूर पुन्हा हसले. फोटोवाल्यानेही तोंड फिरवलं. साहेबांना हेल्मेट दिलं, ते मोठं निघालं, नाकापर्यंत आलं, आणि फोटो काही छापण्यासारखा झाला नाही. जाता जाता त्यांनी बंबावरचा वाळलेला फेस बोटाने पुसून पाहिला. तेव्हाच मी ओळखलं की आता परिपत्रक येणार.

परिपत्रक आलं नाही, प्रज्ञाला नोटीस आली. शासकीय पाण्याच्या टाकीत अनधिकृत पदार्थ मिसळून यंत्रसामग्री धोक्यात आणली, असा आरोप. दोरीचा उल्लेख कुठेही नव्हता. ज्या मुलीने नियम पाळला म्हणून साहेब दुखावले, तिच्यावर नियम मोडल्याचा ठपका ठेवायचा, याला प्रतिभाच लागते. ही प्रतिभा आगीच्या बाबतीत कधी दिसली नाही, ही खंत आहे.

चौकशीला तीन जण बसले. त्यांपैकी एकानेही कापसाची आग जवळून पाहिलेली नव्हती. प्रज्ञाने जे केलं ते केलं म्हणून सांगितलं, साबण काहून टाकला तेही सांगितलं, आणि एक फडकं आणि बादली आणून दाखवते म्हणाली. बादली आणायची गरज नाही, असं समितीला वाटलं. पंप बिघडला का, असं एकाने विचारलं. मी म्हणालो, नाही, उलट आतून इतका स्वच्छ झालाय की त्याने कधी नव्हे तो साबण पाहिला. हे नोंदीत घेतलं नाही.

मग मी सांगितलं की साबणाची पहिली टाकी तिने केली, दुसरी माझ्या हुकमाने झाली. दोष असेल तर मी वरिष्ठ आहे, मला धरा. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे कौतुकाने पाहू लागले. म्हणाले, गावंडे, तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे. हाताखालच्या पोरीसाठी तुम्ही स्वतःवर घेताय हे आम्हाला कळतं. आम्हालाही मुली आहेत. मी म्हणालो, घेत नाही, खरंच सांगितलं होतं. अध्यक्ष हसून म्हणाले, तुमच्यासारखा जबाबदार अधिकारी टाकीत साबण टाका असं म्हणेल, हे आम्ही मानायचं? रफीकभाईंना विचारा, असं मी सुचवलं. चालकाची साक्ष घेण्याची तरतूद नव्हती, कारण चालकाचं काम गाडी चालवण्याचं. लेखी दिलं, तर ‘सहकाऱ्याविषयीच्या सहानुभूतीपोटी दिलेलं निवेदन’ असा शेरा मारून परत आलं. इतकी वर्षं मी नियमाने वागलो, त्याचा मोबदला असा मिळाला की एकदा खरं बोललो तर ते कोणी मानेना.

कायम माणसाला काढायला वर्षं लागतात, करारावरच्याला काढावंही लागत नाही. मुदत संपली की नवा कागद द्यायचा नाही, बस. प्रज्ञाचं नाव प्रस्तावातून गळालं आणि करार संपला. शेवटच्या दिवशी तिने गणवेश नीट घडी करून टेबलावर ठेवला, कोणाशीही न भांडता. त्या दिवशी ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिची आई पुढचे दोन हंगाम त्याच धुळीत गेली. या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

पुढच्याच वर्षी खात्याने निळ्या कॅनमधलं एक द्रावण मागवलं. पाण्यात मिसळायचं, म्हणजे पाणी कापसात आत शिरतं. त्याला इंग्रजी नाव होतं. प्रशिक्षणाला परिपत्रकसाहेब स्वतः उभे राहिले. काचेच्या भांड्यात कापूस टाकला, तो तरंगला. द्रावण टाकलं, तो बुडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाक जवळ नेऊन वास घेतला, साबणाचाच. बंबावर नवीन लाल अक्षरं आली, ‘टाकीत फक्त मान्यताप्राप्त द्रावण’. गेल्या महिन्यातल्या त्या कार्यशाळेत पडद्यावर याच द्रावणाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, आमच्या खात्यातला चौकटीबाहेरचा विचार. शेजारी परिपत्रकसाहेबांचा फोटो, हेल्मेट घातलेला. या वेळी मापाचं मिळालं होतं.

मी शाल अंगावर आणि नारळ हातात घेऊन तिथून उठलो. जेवणाच्या कुपनावर सही करायची राहिली, म्हणून एक कारकून पायरीपर्यंत मागे आला. घरी जायच्याऐवजी मी अकोल्याच्या बाजूची बस धरली. प्रज्ञा आता एका मोठ्या जिनिंगमध्ये सुरक्षा बघते, हे मला रफीकभाईंकडून कळलं होतं. फोनवर ती आणि मी दोन-चारदा बोललो होतो, पण बोलणं दिवाळीच्या शुभेच्छा आणि आईच्या खोकल्यापलीकडे गेलं नव्हतं.

फाटकाशी चौकीदाराने अडवलं. मी रुबाबात सांगितलं, आत सांग, गावंडेसाहेब आलेत. प्रज्ञा स्वतः आली. डोक्यावर हेल्मेट, हातात चाव्यांचा जुडगा, थोडी सुटलेली, आवाज तोच. मला पाहून तिचा चेहरा फुलला. मी आत पाऊल टाकलं तर तिने हात आडवा केला.

"साहेब, मोबाइल अन् काडेपेटी बाहीर ठेवा. अन् चपला बी."

मोबाइल ठेवला. काडेपेटी मी बाळगत नाही. चपला कशाला, हे मात्र मला कळेना. आयुष्यभर ज्या शब्दाला माझं खातं घाबरलं तो मी तिच्याच फाटकात वापरला. म्हणालो, "काहून?"

ती चिडली नाही, आणि परिपत्रक आहे असंही म्हणाली नाही. खाली वाकून तिने माझी चप्पल उलटी केली आणि तळातले खिळे दाखवले. "यातला एक खिळा निसटून कापसात पडला, तं तो जीनच्या मशिनीच्या दातऱ्यात जाते. लोखंडावर लोखंड, ठिणगी पडते. मांगच्या हंगामात अशीच आग लागली व्हती, विझवली आमी." मग माझ्या अंगावरची शाल चिमटीत धरून पाहिली. "अन् हे शाल बी काढा. नायलॉनची हाय, कोरड्या हवेत चटचट ठिणग्या सोडते." मी शाल काढून खुंटीला अडकवली. मुख्य अधिकाऱ्याला अडवणारी मुलगी माझ्यासाठी सूट देईल, अशी माझी अपेक्षाही नव्हती.

आत भिंतीच्या कडेने पिंपं ठेवलेली, प्रत्येकात साबणाचं पाणी, रोज ढवळलेलं. जाळीच्या मागे मजूर तोंडाला फडकं बांधून काम करत होते आणि वर मोठे पंखे धूळ बाहेर ओढत होते. आई आता घरी असते, पंखे तिच्यासाठी उशिरा आले, असं प्रज्ञा म्हणाली. आम्ही ऑफिसच्या पायरीवर चहा घेत बसलो. मी अनवाणी.

कार्यशाळेचं सगळं सांगितलं. निळ्या कॅनच्या चित्रावर ती मोठ्याने हसली. मग त्या दिवसाच्या आगीचं बोलणं निघालं. म्हणाली, पहिल्या टाकीत पावडर लय झाली व्हती, पंप हवा धरे. दुसऱ्या टाकीत बरोबर पडली, रफीकभाईनं हात आखडला म्हून.

मी म्हणालो, रफीकभाईंनी नाही. मी सांगितलं होतं निम्मी टाका, पिंपात कालवून टाका.

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हंजे चौकशीत तुमी सांगतलं थे खरं व्हतं?"

"खरंच होतं."

"मले वाटे, मले वाचवासाठी तुमी खोटं बोलून राहिले. इतके वर्सं मनात म्हनत आली, साहेब माणूस चांगला, माह्यासाठी खोटं बोलला."

समितीने मानलं नाही याचा मला संताप होता, तो मी इतकी वर्षं जिवापाड जपला होता. हिनेही मानलं नव्हतं, हे मला त्या पायरीवर कळलं. मी चहा प्यायलो. तिने विचारलं, "मंग आजून काय काय मोडलं तुमी, साहेब?"

मी खूप आठवून पाहिलं. दुसरं काही आठवेना.

निघताना तिने नारळ ठेवून घेतला. आईला द्यायचा म्हणाली. शाल खुंटीवरच राहिली. बसमध्ये बसल्यावर ती माझ्या लक्षात आली, आणि मी उतरलो नाही.